डायग्रेस व्हायलोय बघा

आळंदच्या बाजारात रक्त तपासायची लॅब आहे, तिथं एक अण्णा बसतात. रिपोर्ट आणायला गेलं की आधी तुरीचा भाव सांगणार, मग उमरग्याची बस कशी चुकली ते, मग जावयाची म्हैस. मध्येच चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "मी जरा डायग्रेस व्हायलोय बघा." ह्या इंग्रजी शब्दावर त्यांचा फार जीव. अर्थ विचारला तर म्हणाले, "रस्ता सोडून बांधानं जायचं. पण जायचं घरलाच."

मला त्या बांधांचा वैताग यायचा. मागं शेजारच्या काकांचा रिपोर्ट वाईट आला, तेव्हा मात्र अण्णांनी चष्म्याला हात न लावता दोन वाक्यांत सांगितलं आणि काकांना धरून बाकावर बसवलं.

परवा आईचा रिपोर्ट आणायला गेलो. अण्णांनी कलबुर्गीहून आलेलं पाकीट फोडलं, कागद वाचला. मी त्यांच्या चष्म्याकडं बघत उभा होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"जावयाची म्हैस व्याली बघा. पण धारंला हात लावू देईना..."

मी बाक ओढून निवांत बसलो.

"आज घाई न्हाई व्हय?"

"न्हाई अण्णा. मग काय झालं म्हशीचं?"