सात वाजताची नावे

फोन सकाळी साडेसहाला आला. बेलापूरहून, नसीमबींचा. माझ्या बहिणीच्या घराला लागूनच त्यांचे घर. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, पण त्यांनी स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता. त्यामुळे नाव दिसताच काय ते कळले. "मास्तरभाई, एस्तेरबाय गेली. चहा घेऊन गेले तर..." मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. नगरहून बेलापूर दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. त्या वाटेवर मी प्रार्थना केली नाही. मी ज्या शिकवणुकीत वाढलो, तिच्याप्रमाणे आता एस्तेरसाठी मागण्यासारखे काही उरले नव्हते. माणूस मरतो त्या क्षणी त्याचा निवाडा होऊन जातो. हे मी साठ वर्षे मानत आलो आणि मंडळीत अनेकांच्या घरी मयताच्या वेळी सांगतही आलो. मी ऐंशी वर्षांचा आहे.

आम्ही प्रॉटेस्टंट. एस्तेर लग्नानंतर कॅथलिक झाली. बाहेरच्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटतो. आमच्या घरात तो तसा नव्हता. वडील साखर कारखान्यात फिटर होते, कडक होते आणि रविवारी पुढच्या बाकावर बसत. एस्तेर माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. एकविसाव्या वर्षी तिने बेलापुरात सायकली दुरुस्त करणाऱ्या फ्रान्सिसशी लग्न ठरवले. वडील म्हणाले, लग्न खुशाल कर, पण मग या उंबऱ्याच्या आत यायचे नाही. त्यांनी शब्द पाळला. आई वारली तेव्हाही एस्तेरला त्यांनी दारातच उभे ठेवले आणि आईची शवपेटी बाहेर निघाली तेव्हा तिने ती दारातूनच पाहिली. मी आत होतो. मी बाहेर आलो नाही, हे येथे लिहिणे मला भाग आहे. पुढे दोन वर्षांनी वडीलही गेले. त्या वेळी त्यांच्याजवळ मी एकटाच होतो.

त्यानंतर आमचे जाणे-येणे सुरू झाले. तिला मूल झाले नाही. फ्रान्सिस गेल्यावर ती दोन खोल्यांत एकटी राहू लागली, शिवणकाम करी, आणि मी निवृत्त झाल्यावर महिन्यातून दोनदा तिच्याकडे जात असे. संध्याकाळी सात वाजले की ती शिलाई मशीनवर कापड टाकी, त्याच स्टुलावर बसून राही आणि नावे घेई. आधी वडिलांचे, मग आईचे, मग फ्रान्सिसचे. प्रत्येक नावापुढे एकच वाक्य : "प्रभू, ह्यांना दारात उभं ठेवू नको." कॅथलिक श्रद्धेप्रमाणे जो माणूस अगदी टाकाऊ नाही, पण स्वर्गात जाण्याइतका निर्मळही नाही, तो मृत्यूनंतर शुद्धिस्थानात जातो. तेथे तो जळतो, शुद्ध होतो, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्याची सुटका लवकर होते. मी गणिताचा शिक्षक. मी दर वेळी एकच विचारी, "हे शास्त्रात कुठे आहे?" ती म्हणे, "शास्त्र तुज्याकडं, मेलेली मानसं माज्याकडं." एकदा मी फार ताणून धरले तेव्हा तिने हातातली कात्री खाली ठेवली. "धोब्याची भट्टी बगितली हाय का तू? फेकून द्यायचं कापड कुनी भट्टीत घालत न्हाई दादा. ठेवायचं आसतं म्हनूनच घालत्यात." मी चहा मागितला.

तिच्या ओट्यावर या विषयाची चर्चा नेहमीच चाले. समोर राहणारे बाळासाहेब, उसाचे शेतकरी, आणि नसीमबी असे आम्ही चौघे बसत असू. नसीमबी लसूण सोलत एकदा सांगू लागल्या की माणसाला पुरून लोक चाळीस पावले मागे फिरले की कबरीत दोन फरिश्ते येतात आणि सवाल करतात... तुझा रब कोण, तुझा दीन म्हणजे धर्म कोणता. ज्याला उत्तर येत नाही त्याला जमीन दोन्हीकडून आवळते. "लई डर वाटतो मला त्याचा," त्या म्हणाल्या. एस्तेर म्हणाली, "आमच्या दादाला घिऊन जा संगं. मास्तरच हाय, परश्न फोडून दील." बाळासाहेब हसले. "तुमचं बरं हाय. आमच्यात परत यावं लागतं. म्हंजी परत ऊस, परत तोडीवाल्यांच्या मागं पळायचं. त्यापरीस तुमची भट्टी परवडली." मग नसीमबींनी मला विचारले, "मास्तरभाई, आमी जुम्मेरातीला, दर गुरवारी, मेलेल्याच्या नावानं फातेहा देतो, हे लोक दहावा घालत्यात, एस्तेरबाय नावं घेती. तुमच्यात मेलेल्यासाटी काय करत्यात?" मी म्हणालो, "काही नाही. करण्यासारखे काही उरलेलेच नसते." त्यांनी लसणाची पाकळी हातात तशीच धरली आणि माझ्याकडे पाहिले. "या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या, "बिचारे." सगळे हसले. मीही हसलो. आमच्याकडे काही करावे लागत नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

शेवटची भेट तिच्या मृत्यूच्या चार दिवस आधीची. हृदय थकले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती उशांना टेकून बसली होती, पायांवर सूज होती. दुपारची वेळ होती. फळे ठेवून मी बसलो, तोच ती म्हणाली, "दादा, तू खोटं बोलत न्हाईस म्हनून तुलाच इचारते. शेवटी बाबा काय म्हनले?" हा प्रश्न तिने पूर्वीही विचारला होता आणि मी पन्नास वर्षे तो टाळला होता. त्या दिवशी टाळावासा वाटला नाही. मरणाऱ्या माणसाशी सरळ बोलावे, असे मला वाटत आले आहे. मी सांगितले : आई गेल्यापासून वडील उपासनेला येत नव्हते. शेवटच्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेसाठी आले, तेव्हा वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवले. 'त्यांना जायला सांग, मला कुणाचं काही नको,' म्हणाले. तासाभराने वडील गेले.

एस्तेरने फळांची पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "म्हंजी... क्षमा मागितली न्हाई?"

"नाही."

"मनात मागितली आसंल."

"ते मला माहीत नाही."

"मग तुज्या शास्त्रापरमानं बाबा आता कुठं हायेत?"

माझ्या शास्त्राप्रमाणे जागा दोनच आहेत. ज्या माणसाने शेवटच्या तासाला देवाच्या सेवकाला घराबाहेर काढले, तो त्यांपैकी कोणत्या जागी असेल, याचे उत्तर मला पन्नास वर्षांपासून ठाऊक होते. ते मी स्वतःशीही कधी पूर्ण वाक्यात उच्चारले नव्हते. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिला कळला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आले ते मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. दारात उभी होती त्या दिवशीही नाही. ती घाबरली होती. "मी गेल्यावर बाबांचं कोन करील?" ती म्हणाली. "फ्रान्सिसचं फादर करतील. आईची काळजी न्हाई. बाबांचं नाव त्या देवळात कुनाला ठाव बी न्हाई. तू करशील?"

मी म्हणालो, "एस्तेर, जे मी मानत नाही ते मी कसे म्हणू?"

"मानू नको. नुसतं म्हन."

"ते खोटे होईल."

"व्हय," ती म्हणाली. "तू खोटं बोलत न्हाईस." आणि तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतले. एप्रिल महिना होता, खोलीत पंखा होता, तरी ओढून घेतले. निघताना मी प्रकृतीला जपायला सांगितले. आमचे शेवटचे बोलणे हे.

दफनानंतर नसीमबींनी मला ओट्यावर बसवले. त्यांच्याकडून मला उरलेले चार दिवस कळले. एस्तेर झोपत नव्हती. "बाप बाप करायची. मला म्हनली, नसीम, तुज्या जुम्मेरातीला माज्या बापाचंबी नाव घे. म्या म्हनलं, अगं, चालतंय का तसं? तर म्हनली, चालवून घे." बाळासाहेबांनाही तिने बोलावून घेतले होते. त्यांच्या चुलत्याचा दहावा होता. नदीवर घास ठेवाल तेव्हा माझ्या वडिलांच्या नावाने एक बाजूला ठेवा, असे तिने त्यांना सांगितले. त्यांनी ठेवला. नसीमबींनीही नाव घेतले. "अल्ला बघून घील त्याचं काय करायचं ते," त्या म्हणाल्या. म्हणजे जन्मभर रोझरीची जपमाळ हातात धरलेली माझी बहीण अखेरच्या चार दिवसांत भीतीपोटी शेजाऱ्यांच्या दारोदार वडिलांसाठी मागत होती, आणि ज्याने हे करायचे तो वडिलांचा मुलगा नगरला आपल्या घरी वर्तमानपत्र वाचत होता.

याला आता सहा आठवडे झाले. मृत्यूनंतर काय असते, यावर मी वाद पुष्कळ घातले. त्याची भीती मात्र मला या सहा आठवड्यांत प्रथम वाटली. ती माझ्या मरणाची नाही. मला वाटत आले होते की ही मधली जागा, शुद्धिस्थान, मी शास्त्रात नाही म्हणून नाकारतो. आता तसे खात्रीने म्हणता येत नाही. ती जागा असती, तर वडिलांसाठी पन्नास वर्षे काहीतरी करता आले असते, आणि मी ते केले नाही, असे ठरले असते. ती नाही असे मानणे मला सोयीचे होते. वडिलांना कायमचे आगीत ठेवून मी निश्चिंत राहिलो होतो... हे वाक्य लिहितानाही पेन अडते.

तिसाव्या दिवशी तिच्या देवळात तिच्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली. मी मागच्या बाकावर होतो. सगळ्यांनी गुडघे टेकले, मी बसून राहिलो. गुडघे दुखतात हे खरे आहे, पण कारण ते नव्हते. नंतर खोली आवरायला गेलो. मशीनवर कापड टाकलेले होते. सात वाजले. मी स्टुलावर बसलो आणि वडिलांचे नाव मोठ्याने घेतले. मग आईचे, मग फ्रान्सिसचे. पुढे जागा रिकामी होती. वडिलांचे नाव घेताना थोडी आशा वाटली होती. एस्तेरचे नाव घेणे म्हणजे ती त्या भट्टीत आहे असे धरून चालणे. न घेणे म्हणजे ती तेथे असलीच तर तिला तसेच सोडणे. मी फार वेळ बसलो. अखेर घेतले. माझा आवाज मलाच परका वाटला. नगरला परतल्यावरही रोज सातला बसतो. माझा विश्वास बदललेला नाही, किंवा बदलला असल्यास मला तो ओळखता येत नाही. भीती आहे तेवढीच आहे.

माझा मुलगा पुण्याला असतो. संडे स्कूलमध्ये त्याला मीच शिकवले, आणि चांगले शिकवले. परवा त्याने विचारले, "बाबा, रोज सात वाजता फोन का उचलत नाही तुम्ही?" मी सांगितले. सगळे सांगितले, आजोबांचेही. त्याने शांतपणे, मी शिकवले होते तसेच विचारले, "पण बाबा, हे शास्त्रात कुठे आहे?"

मी म्हणालो, "कागद घे. चार नावं आहेत. लिहून घे."

मी नावे सांगितली, सावकाश, एकेक. पलीकडून तो "हं" म्हणत होता. लिहीत होता की नाही, ते मला फोनवर कळले नाही.