बूट न काढता

आल्मेरेतल्या आईच्या घरामागे एक शेड आहे आणि तिच्या वरच्या फळीवर बाबांच्या काळ्या बुटांचा एक जोड आहे. चामड्याचे, नाडीचे आणि आता लाकडासारखे कडक झालेले. ते कुणाच्या पायात जात नाहीत आणि कुणी टाकूनही देत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी शेड आवरायला घेतली, तेव्हा ते उचलून बाहेरच्या ढिगात ठेवले होते. मी चहा करून परत आले तर बूट पुन्हा फळीवर होते.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हा भेटायला आलेले लोक त्यांच्याबद्दल बोलताना पायोनियर हा शब्द हमखास वापरत. हा किताब बाबांना आमच्या शेजारीणबाईंनी दिलेला. त्या डच, आमच्याही आधीच्या. इथे रस्त्यांच्या जागी नुसती वाळू होती तेव्हा राहायला आलेल्या. आल्मेरे हे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरचं गाव असल्यामुळे इथली पहिली माणसं स्वतःला पायोनियर म्हणवतात, आणि थोडी मिरवतातही. आम्ही आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. रस्त्याकडेची झाडं माझ्यापेक्षा थोडीशीच उंच होती आणि दोन-दोन काठ्यांना बांधलेली होती. दुसरं मराठी घर आमच्या तरी माहितीत नव्हतं. मग शेजारीणबाईंनी बाबांना सांगून टाकलं की तूही पायोनियरच. बाबांनी ते फार मनावर घेतलं. पुढची कित्येक वर्षं ते पुण्याला फोनवर "आम्ही पायोनियर लोक" अशी वाक्यं सुरू करत आणि आई मागून कपाळाला हात लावत असे.

बाबा पंपांचे इंजिनिअर. मूळचे माण तालुक्यातले, म्हणजे जिथे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की अख्खं गाव धावतं तिथले. पुण्याच्या कारखान्यात पंप बनवता बनवता त्यांना इकडच्या एका कंपनीनं बोलावून घेतलं. इथली जमीन कोरडी ठेवायची तर पाणी सतत उपसत राहावं लागतं. जन्मभर पाण्याची वाट पाहिली आणि आता पाणी बाहेर फेकायचा पगार घेतो, असं ते स्वतःच सांगत. गावी काकांना त्यांनी पहिल्या पत्रात कळवलं की आमचं घर समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. काकांनी उलट टपाली लिहिलं की मग वरच्या मजल्यावर जागा बघ.

पाण्याचा दाब, वेग, पातळी, सगळं बाबांना तोंडपाठ. पोहता मात्र येत नव्हतं. माणमध्ये पोहणार कशात?

आमच्या घरामागे एक स्लोट आहे. स्लोट म्हणजे पाण्याचा चर. इथे घरामागे, शेताकडेला, रस्त्यालगत, जिथे बघाल तिथे असतो. उन्हाळ्यात त्यावर बारीक हिरव्या शेवाळीचा थर धरतो, इतका दाट आणि सपाट की कुणी आत्ताच गवत कापून ठेवलंय असं वाटावं. येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. पुण्यात मला गवतावर खेळायला कधी मिळालं नव्हतं, आणि इथे हे एवढं छान गवत मोकळं पडलेलं. मी सरळ त्यावर चालत गेले.

पुढचं मला आठवतं ते फक्त तोंडात गेलेली हिरवी चव. बाकीचं आईकडून ऐकलंय. बाबा नुकतेच कामावरून आले होते, बूट अजून पायातच. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला बुडताना पाहिलं आणि ते मागच्या दारानं धावत सुटले. काठाशी पोचल्यावर त्यांनी वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. बूट काढले. शेजारी शेजारी नीट ठेवले. मनगटावरचं घड्याळ काढून एका बुटात ठेवलं. आणि मग तिथेच उभे राहिले. तेवढ्यात पलीकडून शेजारीणबाई बागेतल्या रबरी बुटांसकट पाण्यात उतरल्या, चार पावलं चालल्या आणि मला मानगुटीला धरून बाहेर काढलं. पाणी त्यांच्या कमरेएवढं होतं.

आई ही गोष्ट फार रंगवून सांगायची. घरी कुणीही आलं की चहाबरोबर ही गोष्ट ठरलेली. घड्याळापाशी आली की ती थांबायची, पाहुणे हसायला लागायचे, बाबाही हसायचे. मीही हसायचे. आपण बुडता बुडता वाचलो त्याची गोष्ट ऐकायला मजाच येते.

इथे मुलांना पोहण्याचा ए डिप्लोमा मिळवावा लागतो. कायदा नाही, पण तो नसलेलं मूल म्हणजे आईबापांचं लक्ष नाही, असा हिशेब. त्या आठवड्यातच बाबांनी माझं नाव तरणतलावावर घातलं. आणि बाहेर येताना आईला सांगितलं की मोठ्यांचाही वर्ग असतो, शनिवारी सकाळी, मी माझंही घातलंय.

ते वर्ष आमच्या घरात फार गमतीचं गेलं. बाबा दोन स्टुलांवर उशी ठेवून त्यावर पोटावर आडवे व्हायचे आणि बेडकासारखे पाय मारायचे. आई कुकरची शिट्टी मोजायची आणि बाबा पाय मोजायचे, त्यामुळे दोघांचेही आकडे चुकायचे. मी त्यांच्या पुढे होते, म्हणून मला शिकवायचा अधिकार होता. टाचा जवळ, मग बाहेर, मग एकत्र, असं मी त्यांना दटावायचे. परीक्षेत पाण्याखाली एक मोठं ताडपत्रीसारखं कापड सोडतात आणि त्यातल्या भोकातून पोहत जायचं असतं. मला त्याची रात्रंदिवस धास्ती. बाबांना ते अजिबात अवघड वाटलं नाही. इतकी वर्षं पाण्याला पाइपातून पाठवतोय, एकदा मी गेलो तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षेचा अजून एक भाग असतो, आणि तोच मुख्य. शर्ट, पँट आणि बूट घालून पाण्यात उडी मारायची. माणूस पाण्यात पडतो तो काही पोहायचे कपडे घालून पडत नाही, हे त्यामागचं कारण. बुटांचा सराव शेवटच्या शनिवारी होता. नेमका त्या दिवशी कुठलातरी पंप बंद पडला आणि बाबा कामावर गेले.

माझी आणि त्यांची परीक्षा एकाच दिवशी आली. काठावर सहा-सहा वर्षांच्या पंधरा पोरांची रांग आणि तिच्या टोकाला मिशीवाले बाबा. गॅलरीत सगळ्यांच्या आया आणि त्यांत आई, तिनं ठेवणीतला सलवार-कमीझ घातलेला. शिट्टी वाजली. आम्ही सगळे धपाधप पाण्यात पडलो. मी वर आले, डोळे पुसले आणि पाहिलं. बाबा काठावर वाकून नाड्या सोडत होते. बूट शेजारी शेजारी लावले, मोजे त्यांत खोचले आणि मग त्यांनी उडी मारली.

पुढे ते उत्तम पोहले. भोकातून तर माशासारखे गेले. पण पाटी घेऊन उभ्या असलेल्या परीक्षक बाईंनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. बुटांसकट उडी, तीच तर परीक्षा आहे, त्या म्हणाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा या.

मला डिप्लोमा मिळाला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. वर्गातली पोरं बाबांकडे बोट दाखवत होती. मी आईच्या ओढणीमागे लपले. आज ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो, पण सहा वर्षांच्या पोरीची अक्कल ती केवढी. घरी जाताना बाबांच्या सायकलवर मागे बसून मी त्यांना विचारलं की बूट का काढलेत. ते म्हणाले की आमच्या गावात विहिरीत चपला घालून कुणी उतरत नसे, पाणी म्हणजे देव, पाणी दिसलं की हात आपोआप पायाकडे जातो.

एवढं उत्तर मला पुरलं. पण त्या संध्याकाळी मी जिन्यात बसले होते आणि ते स्वयंपाकघरात आईशी बोलत होते.

"त्या दिवशीही मी हेच केलं," बाबा म्हणाले. "पोरगी पाण्यात होती, आणि मी नाड्या सोडत बसलो होतो."

त्यानंतर आईनं ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. पाहुण्यांना नुसता चहा मिळू लागला.

तीन महिने बाबांनी बुटांचा सराव केला. तलावावर तर केलाच, घरीही केला. संध्याकाळी जेवणाआधी ते बूट घालून बाथटबच्या काठावर उभे राहायचे आणि आत पाय टाकायचे. मी बाहेरून शिट्टी वाजवायचे. पहिले काही दिवस त्यांचा हात नाडीकडे जायचा, मग नुसती बोटं हलायची, मग तीही हलेनाशी झाली. दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी शिट्टी वाजली आणि बाबा सगळ्या पोरांच्या आधी पाण्यात होते. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्यांचे वळ उठले.

आता गंमत अशी, की परीक्षा म्हटल्यावर बाबांनी सकाळी उठून बुटांना पॉलिश केलं होतं. दोन हात, फडक्यानं चमकवून. शाळेपासूनची सवय. निळ्या पाण्यात त्यांच्या मागे एक लांब काळा पट्टा उमटत गेला, आणि त्यांच्या मागून येणारी गोरी पोरं त्यातून पोहत ठिपक्याठिपक्यांची होऊन बाहेर पडली. पोहायला शिकवणारे सर डोक्याला हात लावून बसले. परीक्षक बाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या पायांकडे, आणि सही केली. आमच्याबरोबर आलेल्या शेजारीणबाई इथल्या पद्धतीप्रमाणे बाबांचं अभिनंदन करून थांबल्या नाहीत, घरच्यांचंही करायचं असतं. आईचं केलं, माझंही केलं, जसं काही आम्ही तिघांनी मिळून उडी मारली होती.

पुढे पुण्या-मुंबईहून आयटीवाली मंडळी येऊ लागली. आल्मेरेत घरं मोठी आणि परवडणारी, त्यामुळे बरेच जण इकडेच वळले आणि पहिल्यांदा जेवायला आमच्याकडे येत राहिले. त्यांना बँकेबद्दल, सायकलबद्दल, घरभाड्याबद्दल विचारायचं असायचं. बाबा आधी त्यांना मागच्या दाराशी नेऊन स्लोट दाखवायचे आणि हे गवत नाही म्हणून सांगायचे. मग तरणतलावाचा पत्ता द्यायचे. पुष्कळांना तो म्हाताऱ्याचा चक्रमपणा वाटायचा. पण बाबांच्या शोकसभेला दोन टक्कल पडलेले गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले की आमचा ए डिप्लोमा तुमच्या वडिलांमुळे. एकाची तर बी ओलांडून सी डिप्लोमापर्यंत मजल गेली होती.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बाबा पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले, गुडघे कुरकुरणारे. माझी मुलगी चार वर्षांची. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर डचमध्ये देते; बाबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, ते मराठीत बोलत राहत. त्या दुपारी दोघं मागच्या बाकावर मेथी निवडत होती आणि मी स्वयंपाकघरात, त्याच खिडकीपाशी, कणीक मळत होते. तिला उकडलं म्हणून तिनं लाल रेनकोट काढून कुंपणावर टाकला आणि ती शेडमागे बादली आणायला गेली. इथला वारा कुणाचं काही जागेवर राहू देत नाही. कोट उडाला आणि स्लोटमधल्या हिरव्या थरावर बाह्या पसरून पडला.

बाबांनी मान वर केली. बाकावर मुलगी नव्हती आणि पाण्यात लाल कोट होता.

मी खिडकीतून पाहिलं ते एवढंच, की मेथीची परात हवेत गेली आणि बाबा पाण्यात गेले. मधलं काही नव्हतंच. मी कणकेच्या हातांनी धावले. पोचले तेव्हा ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, चष्म्यावर शेवाळ, कानातलं यंत्र लोंबकळलेलं, आणि रिकामा कोट दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. काठावर माझी मुलगी बादली घेऊन उभी होती. आजोबा पाण्यात का उतरलेत, असं तिनं मला डचमध्ये विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग कोटाकडे पाहिलं, आणि मग परत तिच्याकडे, खूप वेळ. मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. मी आणि पलीकडच्या तरुण जोडप्यानं मिळून त्यांना ओढून वर काढलं. ते गवतावर बसले, पाय पसरून, धापा टाकत. चिखलानं भरलेल्या स्वतःच्या काळ्या बुटांकडे त्यांनी आधी पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघ," ते म्हणाले. "बूट नाही काढले मी."

"पाहिलं, बाबा," मी म्हटलं.