मागचा आरसा

आमचे थोरले दीर न्हावी आहेत, आणि न्हावी असून बोलत नाहीत. असा न्हावी तुम्ही कुठे पाहिलाय का? गल्लीत त्यांचं नावच ‘गुपचूप’ पडलंय. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, मी यांना पसंत नाही. मग कळलं, या माणसाकडे शब्दांचा साठाच कमी. जे थोडे येतात ते दुकानातच संपतात.

बोलायचं खातं माझ्या नवऱ्याकडे. दोघा भावांचं एकच दुकान, एकच खुर्ची. केस कापायचे थोरल्यांनी. कापून झाले की माझ्या नवऱ्याने खिळ्यावरचा गोल आरसा काढायचा, गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायचा आणि विचारायचं, “दिसतंय का नीट?” ही वाटणी सासऱ्यांनी करून दिलेली. थोरल्यांनी आरशाला कधी हात लावला नाही, यांनी कात्रीला. गिऱ्हाईक हसत उठायचं ते यांच्या बडबडीमुळे, आणि मी त्या बडबडीवर रोज वैतागायचे.

त्या बडबडीनेच घात केला. आमच्याकडे ज्यांचा फोटो भिंतीभिंतीवर लावावा लागतो, त्या साहेबांचे पांढरे केस अचानक कुळकुळीत काळे झाले. हे आरसा हातात धरून म्हणाले, “बघा बुवा, आमच्या हातात हा गुण नाही.” दुकान हसलं. हसणाऱ्यांतल्याच कुणीतरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि यांना गळ्यातल्या टॉवेलसकट घेऊन गेली. खटला नाही, तारीख नाही, भेट नाही. कचेरीत विचारलं की म्हणायचे, “बाई, असा कुणी माणूस आमच्याकडे नाहीच.” नाहीच म्हणे! मग मी काय भिंतीशी संसार केला होता?

तेव्हापासून आरसा खिळ्यावर. दीर केस कापायचे, मान झटकायचे, कापड काढायचे. कुणी विचारलंच, “मागून कसं झालंय?” तर नुसती हनुवटी खिळ्याकडे करायचे. पुन्हा कुणी विचारत नसे. दोन वर्षांहून जास्त काळ आमच्या अख्ख्या गल्लीने स्वतःचं डोकं मागून पाहिलं नाही. दिरांचे केस मी कापायचे, मागच्या खोलीत, स्टुलावर बसवून.

आणि मग तो फुटबॉलवाला येणार असं ठरलं. परदेशातला, रिटायर झालेला, पण त्याचा फोटो नाही असं पोराचं दप्तर सापडायचं नाही. साहेबांचा खास पाहुणा. माहिती खात्याचा एक अधिकारी गल्ली बघायला आला, कारण पाहुण्याला ‘साधी माणसं’ दाखवायची होती. त्याने विचारलं, सगळ्यात कमी बोलणारा दुकानदार कोण? सगळ्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं. अधिकारी खूश. आमचा माणूस आत आहे हे त्याला माहीतच नव्हतं. पोलीस खातं माहिती खात्याला काही सांगत नाही. आम्ही तरी कशाला सांगू? दुकानाला फुकटात रंग मिळाला.

परदेशातून नणंदेचा फोन आला. ती तिकडे फलक घेऊन वकिलातीसमोर उभी राहते. “वहिनी, त्या दिवशी दुकान बंद ठेवा. तो साहेबांकडून पैसे घेऊन येतोय, आपल्या तुरुंगांवर रंग फासायला. त्याच्याबरोबर फोटो काढलात तर मला तोंड दाखवायला जागा नाही.”

मला तिचं शंभर टक्के पटलं. माझं तर डोकंच फिरलं होतं. दिरांपुढे चहाचा कप आदळला आणि म्हटलं, “भावोजी, तुमचा भाऊ आत, आणि तुम्ही त्यांच्या पाहुण्याची दाढी करणार? लाज कशी वाटत नाही हो?”

त्यांनी सांडलेला चहा पुसला. म्हणाले, “येऊ दे.” बस्स, एवढंच. मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला, पण त्यांना काही फरक पडला का देव जाणे.

त्या दिवशी बाकावर चार अनोळखी माणसं गिऱ्हाईक म्हणून बसवली होती. चौघांचेही केस नुकतेच कापलेले. मी मागच्या पडद्याआड टॉवेल घेऊन उभी. फुटबॉलवाला आला, वाकून आला, दरवाजा ठेंगणा पडला त्याला. बरोबर दुभाषी मुलगी, तो अधिकारी, सरकारी कॅमेरा, आणि पाहुण्याचा स्वतःचाही एक कॅमेरावाला.

दिरांनी केस कापले. नेहमीसारखे, सावकाश. मान झटकली, कापड काढलं. फुटबॉलवाल्याने समोरच्या आरशात पाहिलं, हसला, आणि डोक्यामागे हात फिरवून खिळ्याकडे बोट केलं. मागून बघू दे की!

दिरांनी मान हलवली. आणि बोलले. “ते काम माझ्या भावाचं आहे.”

दुभाषी मुलीने हसत भाषांतर केलं. पाहुण्याने विचारलं, “कुठे आहे भाऊ?”

“दोन वर्षांपूर्वी घेऊन गेले. विनोद केला होता. तो आला की दाखवेल. कधी येणार ते या अधिकाऱ्यांना विचारा.”

माझ्या हातातले टॉवेल खाली पडले. अधिकाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीने अधिकाऱ्याकडे पाहिलं. पाहुण्याने पुन्हा विचारलं, काय म्हणाला? त्या मुलीने डोळे मिटले आणि शब्दन् शब्द सांगून टाकला. तिचं भलं होवो. पाहुण्याचं हसू गेलं. त्याने दिरांचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ.

पुढे आम्ही पिशवी भरून वाट बघत बसलो, आता आपल्याला नेतील म्हणून. कुणी आलं नाही. फुटबॉलवाला मात्र साहेबांच्या मेजवानीत जेवला, मिठी मारली, फोटो काढले. नणंद फोनवर रडली, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” मीही त्याला पोटभर शिव्या दिल्या. मग मायदेशी जाताना विमानतळावर पत्रकारांनी त्याला विचारलं, इथे काय पाहायचं राहिलं? तो म्हणाला, “माझं डोकं मागून. एक माणूस सुटला की बघायला परत येईन.” एवढंच तो दर मुलाखतीत बोलत राहिला.

थंडी सरता सरता माझा नवरा घरी आला. अर्धा झालेला, दोन दात गेलेले. कागदावर लिहिलं होतं ‘चांगली वर्तणूक’. नणंद म्हणते तिच्या तिकडच्या मोर्च्यांमुळे. गल्ली म्हणते फुटबॉलवाल्यामुळे. घ्या बाबांनो, सगळ्यांनी श्रेय घ्या! पण गल्लीतल्या पावाच्या भट्टीवालीचा मुलगाही यांच्यासारखाच नेलेला, तो अजून आत आहे, आणि ती मला भेटली की माझी मान खाली जाते. तो पाहुणा चांगला की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. मला एवढंच कळतं की आमच्या गुपचूपांनी तोंड उघडलं नसतं तर त्याला विचारायला सुचलं नसतं.

हे आले त्या दिवशी दिरांचे केस कापायचे होते. या वेळी मी त्यांना दुकानातल्या खुर्चीत बसवलं. कापून झाले तसे हे उठले, खिळ्यावरचा आरसा काढला, बाहीने पुसला आणि भावाच्या डोक्यामागे धरला. आवाज तोच. “दिसतंय का नीट?”

दिरांनी पाहिलं. मागचे सगळे केस पांढरेशुभ्र झाले होते. मला ठाऊक होतं, मीच कापत होते; पण तो आरसा दाखवायचा माझा हक्क नव्हता.

“हे कधी झालं रे?” दीर म्हणाले.

“मी नव्हतो ना,” हे म्हणाले, आणि दोघं भाऊ त्या आरशात बघून रडले.