कुंदनची बोट

आमच्या शेजारच्या बुधाजीचा मुलगा कुंदन आणि त्याचा चुलतभाऊ शैलेश एकाच शाळेत शिकले, बोटीवरच्या नोकरीचा कोर्सही दोघांनी बरोबरच केला. मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, पण दोघांत कमीजास्त असं मला कधी दिसलं नाही. कुंदनला मात्र लहानपणापासून दिसायचं. शैलेशच्या ताटातला मासळीचा तुकडा कायम मोठा.

२०१२ साली दोघांनी बेलापूरच्या एका एजंटकडे पासपोर्ट देऊन नाव घातलं. सरकारी परवाना असलेला, कमी बोलणारा माणूस. "नंबर लागला की कळवू," एवढंच म्हणायचा. दिवाळीनंतर शैलेशचा नंबर लागला.

आमच्याकडे मुलगा बोटीवर लागला की नाक्यावर फ्लेक्स लागतो. मधे गॉगल घातलेला मुलगा, खाली काका, मामा, मित्र असे शुभेच्छुक. शैलेशच्या फ्लेक्सवर कुंदनचाही फोटो होता, अंगठ्याएवढा. कंटेनर यार्डात कामाला जाताना तो फ्लेक्स दिसायचा म्हणून कुंदन खाडीच्या बांधावरून चिखल तुडवत जाऊ लागला.

"आरं, भाऊच हाय ना तुजा?" त्याची आई हौसा म्हणायची. "तुजा पन नंबर लागंल."

"लागंल तवा लागंल. तवर तो फिरून परत पन येल!"

मग पनवेल स्टँडजवळ त्याला दुसरा एजंट भेटला. एसी केबिन, भिंतीवर जहाजांची चित्रं, गळ्यात लाल टाय. कुंदनने त्याच्यापुढे शैलेशचं रडगाणं गायलं असणार, कारण तो म्हणाला, "त्याच्यापेक्षा मोठी बोट देतो. आठवड्यात!" कुंदनने बेलापूरहून आपला पासपोर्ट काढून आणला आणि ह्याच्या हातात दिला.

लगेच बुधाजीने फ्लेक्स लावला, शैलेशच्या दुप्पट. शुभेच्छुकांत सगळ्यांत वर, मामांच्याही वर, लाल टायवाला एजंट. शैलेश खाली कोपऱ्यात.

तो फ्लेक्स बघून उरणच्या बाजूने आलेली एक मोटारसायकल थांबली. मी देवळाच्या ओट्यावर बसलो होतो.

"आजोबा, हा टायवाला तुमचा पावना काय?" चिरनेरचा मुलगा होता, विठू नावाचा. "माजा पासपोर्ट घेऊन बसलाय. हापिस बदलला, फोन नाय उचलत."

मी कुंदनला हाक मारली. सगळं ऐकून तो विठूवरच उखडला. "तुला नाय भेटली बोट, म्हनून जलतोस माज्यावर!"

विठूने मोबाइल काढून त्याच्या गावातल्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. मधे गॉगल घातलेला विठू, आणि सगळ्यांत वर तोच माणूस, तोच लाल टाय.

कुंदन खाली बसला.

बुधाजी गावातली माणसं घेऊन त्या केबिनमध्ये गेला. एवढी माणसं दारात बघून एजंटने ड्रॉवर उघडला आणि कुंदन-विठू दोघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवले. तिथून कुंदन तसाच बेलापूरला गेला.

"परवाच तुमचा नंबर आला होता," तो कमी बोलणारा एजंट म्हणाला. "पासपोर्ट इथे असता तर गेला असता. दुसऱ्या मुलाला पाठवलं." कुंदनचं नाव पुन्हा शेवटी लागलं.

गणपतीला शैलेश परत आला. बारीक झाला होता. बुधाजीच्या ओट्यावर बसून कुंदनला सांगत होता, "काय सांगू दादूस, उलट्या थांबत नवत्या. टाक्या घासून घासून हात फुटले." त्याने तळवे पुढे केले. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुंदनने त्याचा हात हातात घेतला, उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिला.

"कुटं फुटले?"

"ब्राझीलच्या पुढं गेल्यावर."

कुंदनने हात सोडला. "आमचे यार्डातच फुटतान," म्हणाला, आणि उठून आत गेला.