जपानी नटाचे दोह्यातले मेहुणे

घरोघरी व्हिडिओ नुकता आला होता, त्या ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ ऑफिसात साधे अकाउंटंट होते. घरी मात्र एका जपानी नटाचे ते जणू सख्खे मेहुणे होते. दर शुक्रवारी त्याचा सिनेमा लावून ते आम्हा शेजाऱ्यांना बोलावत आणि टीव्हीसमोर उभं राहून त्याचं चरित्र सांगत. स्टुडिओत सामान उचलायला आलेला पोरगा रागीट चेहऱ्यामुळे हिरो कसा झाला आणि अख्खा जपान त्याच्यावर जीव कसा टाकू लागला, हे आम्हाला पाठ झालं होतं. सांगताना ते त्याच्यासारखेच खांदे उडवत आणि गुरगुरत.

एकदा त्यांनी ऑफिसातल्या जपानी इंजिनिअरला जेवायला आणलं आणि त्यालाही ते चरित्र ऐकवलं. पाहुण्याने सगळं ऐकून घेतलं, मग टीव्हीकडे बघत अदबीने इंग्रजीत म्हणाला, "सर, तो नट हा नव्हे. हा दुसराच आहे."

म्हणजे इतके महिने आम्ही चरित्र एकाचं ऐकत होतो आणि तोंड दुसऱ्याचं बघत होतो! त्यांची बायको, आमच्या वहिनी, ताट घेऊन दारातच थबकल्या.

"खलास, विषय संपला!" गृहस्थ गुरगुरले. "देश सोडून इतकी वर्षं झाली, तुमचा गोंधळ होणारच."

पाहुण्याने वहिनींच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो कमरेत वाकला. "असेल. माझंच चुकलं."

पुढच्या शुक्रवारी ते आम्हाला म्हणाले, "जपान्यांना स्वतःचा माणूस ओळखता येत नाही हो. शेवटी मलाच ओळख पटवून द्यावी लागली."