खोक्यावरचं तांबं

महागावात बसस्टँडमागच्या गल्लीत मोटार वाइंडिंगचं एक दुकान आहे. दाराशी शेतातल्या पाण्याच्या मोटारी ओळीनं पडलेल्या असतात आणि आत स्टुलावर एक बाई तारेचे वेढे मोजत बसलेली असते. नवं गिऱ्हाईक इकडंतिकडं पाहतं आणि हमखास विचारतं, "मिस्त्री कुठी गेले?"

"बोला, मीच," मैत्रेयी मान वर न करता सांगते.

यवतमाळला आयटीआय केल्यावर तिला वायरमन म्हणून कोणी घेतलं नाही. बाई खांबावर चढणार कशी, म्हणाले. मग तिनं खांबाचा नाद सोडला आणि जळालेल्या मोटारी भरायला, म्हणजे त्यांच्यात नवी तार गुंडाळायला, घेतल्या. आज बारा वर्षं झाली. तिनं भरलेली मोटार सहसा परत येत नाही, आणि आली तर ती वाद न घालता पुन्हा भरून देते. म्हणून फुलसावंगीपासूनचे लोक काहीही घेण्याआधी तिला विचारून जातात.

नेमसिंगही तसाच आला होता. फुलसावंगीजवळच्या तांड्यात तो खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी फाटकं बनवतो. त्याचा लोखंड कापायचा जुना ग्राइंडर पार थकला होता. त्याच आठवड्यात महागावच्या मंगल कार्यालयात 'फॅक्टरी सेल' लागला होता. ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कापायची मशीन, काहीही घ्या, नऊशे नव्व्याण्णव. ऑटोवरचा भोंगा दिवसभर तेच ओरडत फिरत होता.

नेमसिंगनं बंद खोकं तिच्यासमोर धरलं. "बाई, पाह्य बरं. घेऊ का हे? आवडलं नाई तं वापस घेतो म्हणे सेलवाला."

त्या दिवशी हरभऱ्याच्या पाण्यासाठी चार मोटारी खोळंबल्या होत्या. मैत्रेयीनं खोक्यावर नजर टाकली. 'शंभर टक्के तांब्याची वाइंडिंग' असं ठळक छापलं होतं.

"ठेवून घे दादा, चालते," ती म्हणाली आणि पुन्हा वेढे मोजू लागली.

सतराव्या दिवशी नेमसिंगची बायको मानीबाई तोच ग्राइंडर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून घेऊन आली. तिच्या लुगड्यावर रक्ताचे वाळलेले डाग होते.

"बटन बंद केलं त्यायनं," ती उभ्यानंच सांगू लागली. "बंद झाली म्हणून खाली ठेवाले गेले. बंदच नाई झाली ना, बाई! तशीच फिरत उसळली अन् डाव्या हातावर आली. अंगठ्याची नस तुटली. यवतमाळले भरती हायेत." मग तिनं पोतं काउंटरवर टेकवलं. "मी सेलवाल्याकडं गेलती. तो म्हणते, तुमच्या माणसाले मशीन चालवता येत नाई. पंचवीस वर्षं झाले हो लोखंड कापून राह्यले ते! अन् तांड्यातलेबी म्हणून राह्यले, नेमसिंगचंच ध्यान नसन."

मैत्रेयीनं तिला पाणी दिलं, बसवलं, आणि मशीन उघडली. बटणाचं प्लास्टिक वितळून आतल्या पत्तीला चिकटलं होतं. बटण मागं ओढलं तरी वीज सुरूच राहत होती. तिनं ब्लेड घेऊन आतल्या तारेचा मुलामा खरवडला. वरून तांब्यासारखी लाल दिसणारी तार आत पांढरी निघाली. ॲल्युमिनियम. थोडा भार पडला की तापणार, तापली की बटण वितळणार, आणि मग ज्याच्या हातात असेल त्याचं नशीब.

ती संतापली. सेलवाल्याचा राग तर आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. हे खरवडून पाहायला तिला एक मिनिट लागलं होतं. तेव्हाही एवढंच लागलं असतं.

"चाल, मानीबाई," ती म्हणाली आणि शटर ओढलं.

मंगल कार्यालयात सेल अजून चालूच होता, गर्दी होती. मैत्रेयीनं आधी तसलाच एक नवा ग्राइंडर विकत घेतला आणि पावती म्हणून चिठ्ठी फाडून घेतली. मग तिथल्याच टेबलावर, सगळ्यांदेखत, स्क्रू काढायला सुरुवात केली.

"मॅडम, ये क्या कर रहे आप?" सेलवाला धावत आला.

"माही मशीन हाय. पैसे देल्ले मी."

लोक गोळा झाले. तिनं तार बाहेर काढली, खरवडली आणि जवळ उभ्या असलेल्या सदाशिवरावांच्या हातात दिली. निवृत्त मास्तर, फोटो टांगायला ड्रिल घ्यायला आले होते.

"गुरुजी, रंग सांगा."

"पांढरा दिसते बा."

"अन् खोक्यावर काय लिव्हलं?"

मास्तरांनी चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचलं, "शंभर टक्के तांबं."

सेलवाला हसला. "मॅडम, इतने में कॉपर कहां से आएगा? आप ही सोचो."

"मले सोचाले सांगता?" तिचा आवाज चढला. "येत नाई तं खोक्यावर काहून लिव्हलं? ॲल्युमिनियम लिवा ना! ज्याले घ्याचं तो समजून घेईन. तुम्ही खोटं लिव्हलं, अन् माणसाचा हात गेला तं म्हणता त्याले चालवता येत नाई? ह्या बाईच्या तोंडावर म्हणता? चालवता तुम्हाले येत नाई, दुकान!"

दोघातिघांनी हातातली खोकी खाली ठेवली. पण एकजण म्हणाला, "मले तं भितीत दोनच भोकं पाडाची हायेत, बाई."

मैत्रेयीनं त्याच्यावर राग काढला नाही. "दोन भोकांसाठी घे भाऊ. पाड, थंडी होऊ दे, ठेवून दे. सस्ती वस्तू म्हणजे खराबच असते असं नाई. पण ज्याचं पोट मशीनवर हाय, त्यानं हे हातात धरू नोको. अन् घेतली तरी बटन बंद होते का पाहत राह्यजो."

तो माणूस खरंच घेऊन गेला. मास्तरांनी ड्रिल परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय रिकामं होतं. सेल रात्रीतून उठला होता. आणि हातात काय होतं, तर एक पांढरी चिठ्ठी. तिच्यावर दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, नुसतं 'मशीन नग एक'. ग्राहक आयोगात तक्रार करायची म्हटलं तर वकिलाचा पहिला प्रश्न हाच, "कोणाविरुद्ध?"

मंगल कार्यालयाचे मालक वामनराव आधी हात झटकू लागले. "आम्ही भाड्यानं हॉल देतो. लग्नात कोणाले उलटी झाली तं ते काय आमचं काम हाय?"

"लग्नवाल्याचं नाव तं लिहून घेता ना? याचंबी घेतलं असन. ते द्या," मैत्रेयी म्हणाली आणि त्यांच्या ऑफिसात खुर्ची ओढून बसली. दुपारी दीडच्या सुमारास वामनरावांनी करारनाम्याची झेरॉक्स काढून दिली. गावोगाव फिरून तिनं जळालेल्या मशीनवाले आणखी अकरा जण शोधले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तक्रार दाखल केली. ती अजून चालू आहे. सेलवाला पहिल्या तारखेला आलाच नाही. मग बातमी आली की तोच भोंगा आता बोरी अरब गावात फिरतोय. तिथल्या ओळखीच्या एका मेकॅनिकला तिनं फोन केला आणि तार खरवडून पाहायला लावली. तिथंही पांढरीच निघाली. फरक एवढाच, की आता खोक्यावरच्या 'तांब्याची' या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

"झाकलं तं झाकलं!" मैत्रेयी फोनवरच ओरडली. "म्हणजे त्याले मालूम हाय! तू त्या पट्टीचा फोटो काढ पहिले."

नेमसिंग तीन महिन्यांनी कामावर आला. अंगठा अर्धाच वाकतो. मैत्रेयीनं भंगारातून एक जुना, जड ग्राइंडर आणून खऱ्या तांब्यानं भरला आणि त्याला असं बटण बसवलं, की बोट सुटलं की मशीन थांबते. तांड्यात नेऊन देताना तिनं ते दहा वेळा सोडून दाखवलं.

"बाई, तू कायले मनाले लावून घेते?" नेमसिंग म्हणाला. "मी विचारलं, तू सांगितलं. खोक्यावरच तसं होतं."

"तू विचारलं म्हणूनच मी खोलून पाहाले पाहिजे होतं, दादा. वाचाले तं तुलेबी येते."

नेमसिंगनं चार बोटांनी मशीन उचलली, अंगठा बाजूनं टेकवला आणि फाटकाच्या पट्टीवर पहिला काप घेतला. काप थोडा वाकडा गेला. त्यानं दुसरा घेतला.