हात नसेल तर मारायचं नाही

श्रीनू आज सकाळी गेला.

तोच श्रीनू, ज्याच्या मोटरसायकलवर मागं बसून माझा लेक विलास मेला.

मी बोलून राह्यली, नात नेहा टाइप करून राह्यली. मला अक्षर येत नाही. तिनं मधे स्वतःचं शहाणपण घुसवलं तर मला कळायचं नाही, तुम्हीच लक्ष ठेवा.

नव्वद सालानंतरचे दिवस. आदिलाबादच्या बस स्टँडमागं आमचं सोड्याचं दुकान होतं. विशीतल्या विलासनं हट्ट करून नागपूरहून व्हिडिओ गेमची पेटी आणली. कपाटाएवढी.

मारामारीचा गेम. दोन दांडे, दोन पोरं, आणि काचेत दोन माणसं एकमेकांना लाथाबुक्क्या घालताहेत.

शेजारचा कपडेवाला म्हणे, "वहिनी, गावातली पोरं बिघडवून राह्यल्या तुमी."

मी म्हणे, "तुमचाच सकाळपासून आत बसला आहे. पुरता बिघडला की पाठवते घरी."

बिघडत होतीच. बाहेर निघाली की कापसाच्या गाठोड्यांवर लाथा झाडत. मग एकाच बाटलीतला सोडा पीत.

श्रीनू जवळच्या मावला गावचा, तेलुगू घरातला. विलासचा जिगरी. मला अम्मा म्हणे. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि दिवसभर एकमेकांना बडवत.

त्या पोरांचा एक कायदा होता.

समोरच्याचा हात दांड्यावर नसेल तर मारायचं नाही.

घाम पुसत असेल, सोडा पीत असेल, थांबायचं. पेटी काही थांबत नसे, वेळ पळत असे. तरी थांबायचं. नाही थांबला त्याला सगळे मिळून दुकानाबाहेर काढत.

आज श्रीनूच्या घरून आले, तर नातू आदित्य टीव्हीसमोर बंदुकीचा गेम खेळत होता. कानाला हेडफोन. खांद्याला हात लावला तर केवढा दचकला.

म्हटलं, "बाबू, यात तू कोणता?"

"मी दिसत नसतो आजी. फक्त बंदूक दिसते. मी तिच्या मागं."

"आन् समोरचा कोण?"

"काय माहीत. असंल कोणी. दिल्लीचा, नाही तं बाहेर देशातला."

"तो पाणी प्यायला उठला तं?"

"मंग तं मज्जाच. फ्री किल."

आमचं जुनं चांगलं आणि यांचं नवं वाईट, असं मला म्हणायचं नाही. आदित्य मुंगी मारत नाही. पण त्या पडद्यावर मला माणूस सापडेना. मारणारा दिसत नाही, मरणाऱ्याचं नाव माहीत नाही.

आमच्या पेटीत माणूस दिसायचा. त्यातच पुढं मी अडकून पडले.

विलास आणि श्रीनू नेरडीगोंड्याकडून एका मित्राच्या लग्नाहून येत होते. हायवेवर ट्रकला बाजू देताना गाडी घसरली. श्रीनू चालवत होता. त्याला खरचटलं.

माझा पोरगा दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

लोक म्हणाले, नशीब. मी म्हटलं, श्रीनू.

तेरावं झाल्यावर दुकान उघडलं. श्रीनू आला. मी तोंड फिरवलं. त्यानं पेटी सुरू केली. दोघांचा गेम लावला. एक त्याचा माणूस, दुसरा विलास नेहमी घ्यायचा तो, लाल पट्टीवाला.

आणि मारलं नाही.

दुसऱ्या दांड्यावर हात नव्हता ना.

तो लाल पट्टीवाला नुसता उभा. पण उभा कसा? छाती वर-खाली, मुठी हलताहेत, गुडघे हलके वाकताहेत. श्वास चालू.

घरात फोटोला हार होता. इथं माझं लेकरू श्वास घेत होतं.

वेळ संपली की श्रीनू परत सुरू करे. रोज येई. बाकीची पोरं भिंतीला टेकून उभी राहत. मी गिऱ्हाइकाला सोडा द्यायचा विसरून त्या छातीकडं बघत बसे.

घरचे म्हणाले, पेटी विकून टाकू. मी विकू देईना.

एका दुपारी माझ्यानं सहन झालं नाही. उठले आणि तो दुसरा दांडा धरला.

श्रीनूनं माझ्याकडं बघितलं. आपले दोन्ही हात काढले आणि मागं बांधले.

कायदा मला पाठ होता.

मी मारलं. कोणतं बटण कशाचं, काही माहीत नाही. सगळी दाबली. दात-ओठ खाऊन दाबली. त्याचा माणूस पडला, उठला, मी परत मारलं. शेवटचा पडला तेव्हा माझे पदर-केस कुठल्या कुठं गेले होते.



श्रीनू रडत होता. नाक पुसत म्हणाला, "अम्मा, ही चीटिंग आहे."

आणि मला हसू फुटलं. विलास गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मी त्याच्या पाठीत खरा धपाटा घातला.

म्हटलं, "जेवला काऊन नाही रे आज? तोंड बघ."

राग लगेच गेला, असं नाही. राग खोटाही नव्हता. पण जेवायला घातलेल्या पोरावर तो रोज थोडा थोडा कमी झाला. पुढं त्याच्या लग्नात विलासच्या वाट्याची कामं मी केली, आणि नवरीला सांगितलं, हा गाडी हळू चालवतो आता, पण जेवण फार भरभर करतो.

आज त्याची आई अंगणात बसली होती. माझ्याहून मोठी. झोपेतच गेला म्हणाली. ट्रक नाही, गाडी नाही. कुणाला शिव्या द्यायच्या, तिला सुचेना.

मी तिच्याजवळ बसले. तिनं माझं मनगट धरलं. मग आवळलं. मग नखं रुतवली.

मी हात काढला नाही. अजून वळ आहेत.

जा बाबा श्रीनू. तुला अम्माचा शेवटचा नमस्कार, भरल्या डोळ्यांनी.